मागच्या काचेची फिल्म ओरबाडू नका, डिफॉगर मरतो

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार वि. वि.

साताऱ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. सेल्फ, अल्टरनेटर, हेडलाईट, हॉर्न, पॉवर विंडो असली कामं. पेपर रोज वाचतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, तेही मोबाईलवर बोलून टाईप करतोय, त्यामुळं वाक्यं लांबत गेली तर पूर्णविराम तुम्हीच टाका. विषय म्हटला तर बारका आहे पण पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितो. गाडीच्या मागच्या काचेवरची जुनी काळी फिल्म काढायची म्हणून लोकं ब्लेड घेऊन बसतात आणि फिल्मबरोबर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरची वाफ उडवणाऱ्या लाईनी पण खरवडून काढतात. काच लख्ख होते, माणूस खूश होतो, आणि जूनमध्ये पाऊस लागला की माझ्याकडं येतो, म्हणतो मिस्त्री, स्विचवरचा दिवा तर लागतोय पण मागची काच काय साफ होईना, जरा फ्यूज बघा. फ्यूज चांगला असतो हो. काचेवर लाईनच उरलेली नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या काचेवर तपकिरी आडव्या रेघा दिसतात ना, ती काय डिझाईन नाही आणि काचेत गाडलेल्या तारा पण नाहीत. चांदी मिसळलेली पेस्ट काचेच्या आतल्या अंगाला छापतात आणि भट्टीत भाजून पक्की करतात. दोन्ही कडांना उभ्या जाड पट्ट्या असतात, एकीला प्लस येतो, दुसरी अर्थला जाते, आणि मधल्या सगळ्या रेघा या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. स्विच दाबला की बारा व्होल्ट आत जातात, रेघा तापतात, काच कोमट होते आणि धुकं उडतं. करंट बराच ओढतो हा प्रकार, म्हणून तर बऱ्याच गाड्यांत थोड्या वेळाने तो आपोआप बंद होतो. प्रत्येक रेघ स्वतंत्र असल्यामुळं एक तुटली तर तेवढाच एक पट्टा धुरकट राहतो, बाकीचं चालू. पण कडेच्या पट्टीला वायर जोडलेला जो पत्र्याचा टर्मिनल असतो तो उपटला की सगळा डिफॉगर एका झटक्यात बंद.

आता फिल्म कुठल्या बाजूला लावतात? आतल्याच. म्हणजे फिल्मचा गोंद थेट त्या रेघांवर बसलेला असतो. आणि रेघ केवढी जाड, तर बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल एवढी. तिच्यावर आडवं ब्लेड फिरलं की संपलं.

मला वाटतं लोकांना ही सवय स्टिकरमुळं लागली असावी. आपल्याकडं मागच्या काचेवर काय काय नसतं, राजधानी सातारा, आई-वडिलांची कृपा, पोरांची नावं, गावच्या मंडळाचं नाव, कुलदैवत. ते सगळे स्टिकर बाहेरून चिकटवलेले असतात आणि बाहेरच्या बाजूला नुसती काच असते, तिथं पाणी मारून ब्लेड चालवलं तरी बिघडत नाही. स्टिकर ब्लेडने निघाला म्हणून तेच ब्लेड घेऊन माणूस आत शिरतो आणि तिथं घात होतो. बाजूच्या दरवाज्याच्या काचांना लाईनी नसतात (काही मोजक्या गाड्या सोडून), तिथंही ब्लेड जपून चालतं. फक्त मागची काच वेगळी आहे एवढं डोक्यात ठेवा. काही गाड्यांत तर रेडिओची अँटेना पण त्याच काचेवर छापलेली असते, म्हणजे डिफॉगर पण गेला आणि आकाशवाणी पण गेली.

फिल्म काढू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट काढाच. आठ-दहा वर्षं उन्हात तापलेली हलक्या क्वालिटीची फिल्म तुम्ही बघितली असेल, काळ्याची जांभळी झालेली आणि आत फुगेच फुगे. त्या फिल्ममध्ये रंग घातलेला असतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो रंग मरत जातो, काळेपणा जातो आणि जांभळी छटा तेवढी मागं राहते. गोंद सुकला की काच सोडायला लागतो आणि तिथं हवा शिरून फुगे येतात. असल्या काचेतून रात्री मागच्या गाडीचा हेडलाईट एकाचे चार दिसतात, आरशात बघून मागचा किती लांब आहे त्याचा अंदाजच लागत नाही. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती सांगतो, सेडान गाड्यांत तिसरा ब्रेक लाईट काचेच्या आत, मागच्या सीटच्या वरच्या फळीवर नाहीतर टपाला लागून असतो. फिल्म लावणाऱ्याने तेवढी जागा कापून मोकळी सोडली नसेल तर तुमचा ब्रेक लाईट फिल्मच्या मागून मिणमिणतो आणि मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक मारलेला उशिरा कळतो. खंबाटकी घाट उतरताना ही थट्टा परवडायची नाही.

आपल्या जिल्ह्याचं तर आणखी वेगळं आहे बघा. एकाच जिल्ह्यात दोन टोकाची हवा. माण-खटावकडं, म्हसवड-दहिवडीला उन्हाळ्यात गाडीत बसवत नाही, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, तिकडच्या माणसाने फिल्म लावली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तीच गाडी जुलैमध्ये पाव्हण्यांना घेऊन महाबळेश्वरला निघते, पसरणी घाटात शिरली की बाहेर धुकं, आत पाच माणसं, पाचांचे श्वास, ओले कपडे, एखादी ओली छत्री, आणि काच बंद. पुढच्या काचेवर ब्लोअर मारता येतो, बाजूची काच रुमालाने पुसता येते, मागच्या काचेपर्यंत हात कुणाचा पोचतो? यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्यांचं पण तेच, तो रस्ता अरुंद, सीझनला शनिवार-रविवारी गाडीला गाडी लागलेली, कुठंतरी रिव्हर्स घ्यायची वेळ येतेच. मागचं काही दिसत नाही म्हणून मागच्या सीटवरच्या पोराला उतरवून येऊ दे येऊ दे करत गाडी मागं घेतात, एका बाजूला दरी. रिव्हर्स कॅमेरा आहे की म्हणतात काही जण. कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल उडाला की तो कॅमेरा पण आमच्याकडंच येतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण गॅरेजला रोज यावरनं वाद होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० म्हणतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून कमीत कमी ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पास झाला पाहिजे. मग लोकं म्हणायचे आमची फिल्म ७० टक्केवालीच आहे, दुकानदाराने सांगितलंय. अहो पण कंपनीतून आलेली काच तरी कुठं शंभर टक्के उजेड सोडते, ती आधीच जरा हिरवट असते. समजा काच ८० टक्के सोडते आणि वर लावलेली फिल्म पण ८० टक्केवाली आहे, तर दोन्ही मिळून ६४ टक्केच पास होणार, म्हणजे नियमाच्या खाली. २०१२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने हा वादच मिटवला, अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला की वरून कुठलीच फिल्म चिकटवायची नाही, टक्केवारी कितीही असू दे, आणि ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. पोलिसांनी चलन पण करायचं आणि फिल्म पण काढायची असं त्यात आहे. पुढं २०२१ पासून काचेच्या नियमात बदल झाला आणि त्याचा आधार घेऊन केरळच्या हायकोर्टाने २०२४ मध्ये म्हटलं की ठरलेल्या टक्केवारीत बसणारी फिल्म चालेल. हे मोबाईलवर फिरतंय आणि आमच्या गिऱ्हाईकांना तोंडपाठ आहे. पण तो निकाल केरळचा, त्यावर इथल्या हवालदाराशी हुज्जत घालायची का नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि कुठलाही निकाल लावा, जांभळी पडून फुगे आलेली फिल्म कशातच बसत नाही.

तर आता काढायची कशी. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच सगळी माती होते.

पहिलं काम, फिल्मला हात लावायच्या आधी डिफॉगर चालू आहे का बघा. गाडी स्टार्ट करा, स्विच दाबा, थोडा वेळ थांबा आणि काचेला आतून तळहात लावून बघा, कोमट लागली पाहिजे. काचेवर वाफ धरलेली असेल तर उत्तमच, रेघांच्या भोवतीचे पट्टे आधी मोकळे होताना दिसतात आणि जो पट्टा मोकळा होत नाही ती लाईन आधीपासून तुटलेली. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात काम देणार असाल तर दुकानदाराच्या समोर हे करा. नंतर आधीच बंद होता, नाही चालू होता, हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. पुष्कळ वेळा लाईन फिल्म लावतानाच कापलेली असते, कारण मागची काच गोलाई घेतलेली, हलकं काम करणारे एक अख्खा तुकडा बसवण्याऐवजी दोन-तीन पट्ट्या लावतात आणि जोड काचेवरच कटरने कापतात. त्या कटची रेघ उभी, लाईनी आडव्या, सगळ्या एका रांगेत कापल्या जातात. म्हणजे दोष लावणाऱ्याचा आणि शिव्या काढणाऱ्याला.

दुसरं, आतला पसारा हलवा. मागची फळी निघत असेल तर काढा, निघत नसेल तर तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर जुनी चादर किंवा टॉवेल टाका. तिथं स्पीकर असतात, खालून वायरी जातात, आणि लोकं काचेवर बादलीने पाणी मारतात. मग स्पीकर फाटक्या आवाजात बोलायला लागतो तेव्हा परत आमच्याकडं. ब्रेक लाईट आड येत असेल तर दोन स्क्रू काढून बाजूला घ्या, पण वायर ओढू नका.

तिसरं, उष्णता. थंड फिल्म ओढली की तिचे दोन थर होतात, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा हातात येतो आणि गोंद सगळा काचेवर राहतो, मग तो गोंद काढायला ब्लेड आठवतं. गोंद मऊ करून ओढली तर फिल्म आणि गोंद एकदम निघतात, सगळा खेळ एवढाच आहे. त्यासाठी कपड्यांना वाफ द्यायचा स्टीमर सगळ्यात चांगला, तो नसेल तर घरचा हेअर ड्रायर चालतो. दुपारच्या उन्हात काम काढा, गाडीची पाठ सूर्याकडं करा, निम्मं काम ऊनच करतं. डिफॉगर चालू असेल तर गाडी स्टार्ट ठेवून तो पण लावा, तेवढीच मदत, फक्त गाडी उघड्यावर उभी पाहिजे, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून आत बसू नका. हिट गन मात्र ज्याला सवय आहे त्यानेच धरावी. मागची काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते, एकाच जागी गन धरून लाल तापवली आणि वरून गार पाणी मारलं तर अख्खी काच एका आवाजात फुटते आणि डिकीत साबुदाणा सांडल्यासारखा खच पडतो. तेव्हा नवीन काच, रबर, मजुरी धरून जो खर्च येतो तो ऐकून माणूस खालीच बसतो.

चौथं, ओढायची दिशा. एका बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून नखाने नाहीतर प्लास्टिकच्या कार्डाने कड सोडवा, तिथं वाफ द्या, चार बोटं फिल्म सुटली की दोन्ही हातांनी धरा आणि लाईनींच्या दिशेने, म्हणजे आडवी, काचेला जवळजवळ चिकटून ओढत चला. सरळ आपल्याकडं झटका मारायचा नाही आणि वरून खाली तर अजिबात ओढायची नाही. वाफ पुढं, हात मागं, असं सावकाश. अडकली की थांबा, परत वाफ द्या. टर्मिनलपाशी आलात की फिल्म कटरने कापायची नाही, हाताने सोडवायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टर्मिनलवर दाबून धरायचा. कडेला काळे ठिपके आणि काळी पट्टी असते तिथं फिल्म लवकर सुटत नाही, तुकडे पडतात, पडू द्या.

राहिला गोंद. पाण्यात शाम्पू नाहीतर भांड्याचं लिक्विड घालून स्प्रेच्या बाटलीतून मारा, दहा मिनिटं भिजू द्या, आणि जुन्या एटीएम कार्डाने लाईनींच्या दिशेने आडवं सरकवत काढा. काच सुकू द्यायची नाही, सारखं पाणी मारत राहायचं. शेवटी जे चिकट राहतं त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घेऊन पुसा, मेडिकलमध्ये नाहीतर मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं मिळतं. भांड्याची तारेची घासणी नको, हिरवी खरखरीत पण नको, पॉलिश पेपरचं तर नाव काढू नका (आणलेले आहेत लोकांनी, मी डोळ्याने बघितलंय). पेट्रोल आणि थिनर पण नको, गाडी बंद, आत वास कोंडलेला, शेजारी वायरी, एक ठिणगी पुरते. काही जण अमोनिया वापरतात, आत फवारायचा आणि वरून कचऱ्याची काळी पिशवी चिकटवून उन्हात ठेवायचं. त्याने फिल्म सुटते हे खरं आहे, पण तो डोळ्यांना आणि छातीला सोसत नाही, प्लास्टिकवर सांडला तर डाग पडतो, आणि घरातल्या ब्लीचबरोबर मिसळला तर विषारी वायू होतो. वाफेने जे काम होतंय त्यासाठी ही ब्याद कशाला. अगदी शेवटी कोरडी काच पुसायला रद्दी पेपर घ्या, त्यासारखी चमक कशाने येत नाही, संपादक साहेब रागावू नका.

मागच्या पावसाळ्यात कोरेगावकडचे एक मास्तर गाडी घेऊन आले. सेकंड हँड घेतलेली, काच एकदम स्वच्छ, मला म्हणाले, "मिस्त्री, हायवेला एका दुकानात फिल्म काढून घेतली, अर्ध्या तासात काम केलं पोरांनी, काय सफाई आहे बघा." मी आत बसून टॉर्च मारला. काचेवर रेघा होत्या, लांबून बघितलं तर सगळ्या जागेवर. पण जवळून बघितलं तर मधल्या भागात वरपासून खालपर्यंत प्रत्येक रेघेत एक एक बारीक फट, केसभर, आणि सगळ्या फटी एका तिरक्या रांगेत. ब्लेड एकदाच फिरलेलं, तिरकं, वरून खाली. खालच्या दोन रेघा तेवढ्या वाचलेल्या कारण तिथं हात पोचत नाही. मास्तरांना विश्वास बसेना. मग डिफॉगर लावला, मल्टीमीटरच्या पिनेला स्वयंपाकघरातला अल्युमिनियम फॉईल गुंडाळला (नुसती टोकदार पिन फिरवली तर लाईन आणखी खरवडते), काळी पिन अर्थच्या पट्टीला लावली आणि लाल पिन रेघेवर मधोमध ठेवली. चांगल्या रेघेवर मधे बाराच्या निम्मे, म्हणजे सहाच्या आसपास व्होल्ट दिसतात. इथं बारा. पिन हळूहळू अर्थकडं सरकवत नेली, बारा, बारा, बारा, आणि फट ओलांडली की शून्य. मास्तर बघत होते, म्हणाले आता कळलं. मी म्हटलं सर, हेच दुकानातल्या पोराला कळलं असतं तर बरं झालं असतं.

ते दुरुस्त होतं बरं का, लगेच काच बदलायला पळू नका, मी तर म्हणतो काच बदला म्हणणाऱ्याला आधी लाईन चेक करायला सांगा. चांदीचा कंडक्टिव्ह, म्हणजे करंट वाहून नेणारा पेंट छोट्या बाटलीत मिळतो. फटीच्या वर-खाली चिकटपट्टी लावून रेघेएवढीच जागा मोकळी ठेवायची, काच अल्कोहोलने पुसून घ्यायची, फटीच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा चढेल असा पेंट लावायचा, ओला असतानाच पट्टी काढायची, आणि एक दिवस डिफॉगर लावायचा नाही. एका-दोन फटींना हे झकास चालतं. पण अख्ख्या काचेवर सगळ्याच रेघा कापलेल्या असल्या की एवढं नाजूक काम, वर उलटं वाकून करायचं, मजुरी लागतेच, आणि बोटभर रेघ जर खरवडून उडालीच असेल तर पेंटने ती पूर्वीसारखी तापत नाही. टर्मिनल उपटला असेल तर नुसता सोल्डर मारायला जाऊ नका, जास्त तापवलं की खालची पट्टी पण उखडते, त्याला कंडक्टिव्ह ग्लू येतो.

आता तुमच्या पेपरमार्फत दोन-तीन जणांना विनंती करायची आहे.

एक, वाहतूक शाखेला. कारवाई करा, जरूर करा, कायदा तुमच्या बाजूला आहे आणि आमच्यासारख्यांचा पाठिंबा पण आहे. बाजूच्या काचांची फिल्म तिथंच चौकात काढायला लावा. पण मागच्या काचेचं तेवढं वेगळं धरा, चलन करा आणि मालकाला दोन-चार दिवसांची मुदत देऊन फिल्म काढून गाडी दाखवायला बोलवा. भर उन्हात रस्त्याच्या कडेला, मागं वाहनांची रांग, मालक चिडलेला, तिथं कोण वाफ देत बसणार, तिथं नखं आणि ब्लेडच चालणार. दंड भरायला लोकांची ना नसते हो, पण त्या दंडापायी पुढं घाटात आंधळी गाडी फिरणार असेल तर आपण नेमकं काय साधलं? मुदत देऊन लोकं येणार नाहीत म्हणाल तर गाडीचा नंबर चलनाच्या मशीनमध्ये आहेच, दुसऱ्यांदा सापडला तर वाढीव दंड आहे.

दोन, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदारांना. सगळे तसे नाहीत, साताऱ्यात, कराडात, सांगलीत नीट काम करणारी पोरं मी बघितलीत, स्टीमर घेऊन तास-दीड तास एका काचेवर घालवतात. पण जो अर्ध्या तासात करून देतो त्याच्याकडं गर्दी जास्त, कारण गिऱ्हाईकाला घाई आणि दर कमी. तुम्ही दोनशे-तीनशे रुपये जास्त घ्या, पण काम करायच्या आधी आणि नंतर डिफॉगर लावून दाखवा. एवढं केलं तरी माझ्याकडं येणारी ही गिऱ्हाईकं बंद होतील, आणि मला त्याचं काही दुःख नाही, कामं पुष्कळ आहेत.

तीन, सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांना. पुण्या-मुंबईच्या गाड्या आपल्याकडं विकायला येतात, एजंट म्हणतो फिल्म लावलेलीच आहे, तुमचा खर्च वाचला. ती फिल्म उद्या तुम्हालाच काढायची आहे हे धरून चाला. टायर बघता, बॉनेट उघडून बघता, कुणी बारकाईने चेसिस नंबर पण बघतं, मग डिफॉगरचा स्विच दाबून मागच्या काचेला हात लावायला किती वेळ लागतो? बेस मॉडेलला डिफॉगर नसतोच कित्येकदा, तिथं प्रश्न नाही, तिथं रेघाच दिसणार नाहीत. पण रेघा आहेत आणि काच गार आहे तर किंमत पाडून मागा. मी सांगितलं म्हणून सांगू नका, एजंट मंडळी माझ्या दुकानावरनं रोज जातात.

आणि उन्हाचा त्रास होतो म्हणून फिल्म लावली असं म्हणणाऱ्या म्हसवडकरांना एवढंच, मागच्या आणि बाजूच्या काचेला काढता-घालता येणाऱ्या जाळ्या मिळतात, गाडी उन्हात उभी करताना लावा आणि चालवताना काढा. लहान पोरं मागं बसत असतील तर त्यांच्या अंगावर ऊन येतं ही अडचण खरी आहे, मला मान्य आहे, त्यासाठी काच बनवतानाच ऊन अडवणारी काच कंपन्यांनी स्वस्त गाड्यांत पण द्यायला पाहिजे, महागड्या गाड्यांत देतातच की. पण तो विषय गाडीच्या कंपन्यांचा, तो माझ्यासारख्या वायरमनच्या हातातला नाही.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर कायद्याचा परिच्छेद खुशाल कापा, तो लोकांनी कुठंतरी वाचलेला असतो. ब्लेड, वाफ आणि ओढायची दिशा एवढं मात्र ठेवा, आणि जमलं तर मे संपायच्या आत छापा, कारण जूनमध्ये माझ्या दारात रांग लागते.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा